डॉसचे जुने गेम आजच्या विंडोजवर: आधी माल तपासा, डॉसबॉक्स नंतर उघडा

दिवाळीची साफसफाई झाली की इंदूरच्या मराठी घरांमधून, राजेंद्रनगर असो की रामबाग, माळ्यावरून जुन्या सीड्या आणि फ्लॉप्या निघतात आणि मग मेसेज सुरू होतात, "भिया, प्रिन्स चालून नाही राहिला." काय काय केलं विचारलं तर सगळ्यांचं एकच, डॉसबॉक्स (विंडोजच्या आत डॉसचं, म्हणजे कमांड टाइप करून चालणाऱ्या जुन्या सिस्टिमचं, मशीन उभं करणारा प्रोग्राम) डाउनलोड केला, ईएक्सई फाइल त्यावर ओढून टाकली, काळी खिडकी आली, मग कुठलातरी व्हिडिओ बघून सगळी सेटिंग्ज फिरवली आणि आता काहीच धड नाही. गेम न चालण्याचं कारण बहुतेक वेळा डॉसबॉक्स उघडायच्या आधीच घडलेलं असतं. सीडीची कॉपी अर्धवट, किंवा फोल्डर चुकीच्या जागी, किंवा गेम मुळात डॉसचा नाहीच. म्हणून खालचा क्रम मोडू नका, सहावी पायरी आधी करून बघतो असं तर अजिबात नको.

कमांड मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. आणि त्याआधी विंडोजचा कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा.

१. गेम कुठल्या काळातला आहे ते आधी ठरवा

विंडोज ११ फक्त ६४ बिटचा येतो, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये जुने १६ बिट प्रोग्राम चालवायची सोयच नाही. त्यामुळे डॉसचा गेम डबल क्लिक करून चालणार नाही, कॉम्पॅटिबिलिटी मोड लावला तरी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला तरी नाही. यात कुणी वेळ घालवू नये.

सीडी उघडून आत बघा. फाइलींची नावं आठ अक्षरांच्या आतली, सोबत इन्स्टॉल किंवा सेटअप नावाची छोटी फाइल, एखादी बॅट फाइल, कुठेतरी डॉसफोरजीडब्ल्यू नावाची ईएक्सई, असं दिसलं तर गेम डॉसचा. डायरेक्टएक्स नावाचा फोल्डर आणि सीडी टाकल्यावर आपोआप उघडणारा मेनू असेल तर तो विंडोज ९५ किंवा नंतरचा. १९९० चा प्रिन्स ऑफ पर्शिया, डेंजरस डेव्ह, १९९३ चा डूम हे डॉसचे. आपल्याकडे ज्याच्यासाठी लोक सर्वात जास्त हट्ट धरतात तो रोड रॅश मात्र विंडोज ९५ चा आहे, तो साध्या डॉसबॉक्समध्ये कितीही डोकं फोडलं तरी उघडणार नाही. एज ऑफ एम्पायर्सचंही तेच. अशा गेमवाल्यांनी दुसरी पायरी करून थेट नवव्या पायरीवर जावं.

*तपासणी:* शंका असेल तर चौथ्या पायरीवर डॉसबॉक्स बसला की त्यात फाइल चालवून बघा. "हा प्रोग्राम डॉस मोडमध्ये चालू शकत नाही" किंवा "याला मायक्रोसॉफ्ट विंडोज लागतं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं की विषय संपला, गेम विंडोजचा.

गेम हातात नसेल तर कुठल्याही साइटवरून "फुल पॅक" उतरवू नका, त्यातून गेमबरोबर काय काय येतं ते नंतर कळतं. जीओजी आणि स्टीमवर बरेच जुने गेम विकत मिळतात, जीओजीवरचे पुष्कळसे डॉस गेम तर डॉसबॉक्स आत बसवूनच देतात, म्हणजे हा सगळा खटाटोपच वाचतो. डूमचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून मोकळा वाटायलाच काढलेला होता, टायरियन आता फुकट आहे. सरावासाठी यातला एखादा घ्या. आणि सायबर कॅफेच्या काळातल्या "एकशे एक गेम्स" लिहिलेल्या सीडीवर फार भरवसा ठेवू नका, त्यातले निम्मे गेम कापलेले असतात, आवाजाच्या फाइली काढून टाकलेल्या असतात, आणि मग लोक डॉसबॉक्सला शिव्या देत बसतात.

२. सीडी किंवा फ्लॉपीची पूर्ण इमेज काढा

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलीत उतरवलेली हुबेहूब नक्कल. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सीडी धुवायची असेल तर मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो डेटाच्या ओळीच्याच दिशेने जातो आणि वाचायला जास्त त्रास देतो. आणखी एक, सीडीचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे चमकणाऱ्या बाजूपेक्षा लेबलच्या बाजूचा ओरखडा वाईट. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा, बारीक भोकांमधून प्रकाश आरपार दिसला तर तेवढा डेटा गेला समजा.

नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतोच, तर यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लागेल. जेलरोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये विचारा, नाहीतर ओळखीत कुणाकडे जुना डेस्कटॉप पडलेला असतोच, तो जास्त बरा, कारण जुने ड्राइव्ह खराब सीड्या बरेचदा चांगल्या वाचतात.

आता मुख्य चूक. लोक सीडी उघडतात, सगळं सिलेक्ट करतात आणि कॉपी-पेस्ट. फाइली येतात, गेमही कधीकधी सुरू होतो, पण संगीत गायब. त्या काळातल्या बऱ्याच गेमचं संगीत साध्या गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं आणि ते फाइल म्हणून दिसतच नाही. आयएसओ इमेज काढली तरी तेच, कारण आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक बसतो. म्हणून मिश्र सीडीची इमेज बिन आणि क्यू अशा जोडीतच काढायची. इमेजबर्न नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, त्यात डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय घेतला की एकापेक्षा जास्त ट्रॅक असलेल्या सीडीची तो स्वतःच बिन आणि क्यू करतो. वाचताना अडखळला तर रीड स्पीड कमी करा, तरी नाही जमलं तर दुसरा ड्राइव्ह. एरर "इग्नोर" करून पुढे गेलात तर इमेज पूर्ण झालेली दिसेल आणि गेम तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला जाऊन अडकेल, तेव्हा कारण शोधणं फार कठीण.

*सावधान:* क्यू ही साधी टेक्स्ट फाइल आहे आणि तिच्या आत बिन फाइलचं नाव लिहिलेलं असतं. नंतर बिनचं नाव बदललं तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून तिथेही बदला.

फ्लॉपीवाल्यांसाठी. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये वाचता येते, सव्वापाच इंची नाही, तिला जुना ड्राइव्ह आणि वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं, ते काम एकट्याने अंगावर घेऊ नका. फ्लॉपी आत घालण्याआधी कोपऱ्यातली सरकती पट्टी अशी करा की भोक उघडं दिसेल, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते, धातूचं झाकण सरकवून आतली चकती बघा, पांढरे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, ड्राइव्हचं हेडही खराब होईल आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातील. आणि विंडोजने "डिस्क फॉरमॅट करायची का" विचारलं तर उत्तर नाही. दर वर्षी कुणीतरी घाईत हो म्हणतं.

*तपासणी:* नेहमीच्या १.४४ एमबी फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची हवी. कमी असेल तर अर्धवट आहे.

खोका आणि मॅन्युअल असेल तर तेही जपून ठेवा किंवा फोटो काढून ठेवा. कॉपी होऊ नये म्हणून त्या काळी गेम मॅन्युअलमधलाच शब्द विचारायचे, प्रिन्समध्ये पहिली लेव्हल झाली की योग्य अक्षराची बाटली प्यावी लागते आणि ते अक्षर मॅन्युअलच्या सांगितलेल्या पानावर असतं. इमेज झाली की विंडोजच्या अँटिव्हायरसने एकदा स्कॅन करा, जुन्या सीड्यांवर जुने व्हायरस अजून आहेत.

३. फोल्डर नीट लावा

प्रोग्राम फाइल्समध्ये नको, डेस्कटॉपवर नको, आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या डॉक्युमेंट्समध्ये तर नकोच. प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज लिहायला अडवतो, म्हणजे गेम सेव्ह होत नाही किंवा सेव्ह भलतीकडेच जाऊन पडतो.

डी ड्राइव्हवर, नसेल तर सीवर, डॉस नावाचा फोल्डर करा. त्यात प्रत्येक गेमचा वेगळा फोल्डर, आणि त्याच्या आत दोन, एकाचं नाव सी, दुसऱ्याचं सीडी. सीमध्ये गेमच्या फाइली, सीडीमध्ये इमेज. नावं इंग्रजी अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत, स्पेस नाही, मराठी नाही. लांब नाव दिलं तर डॉसला ते सहा अक्षरं, मग एक वेडीवाकडी रेघ आणि आकडा असं दिसतं, आणि मग "फाइल सापडत नाही" म्हणून तुम्ही मला विचारणार.

४. डॉसबॉक्स बसवा आणि नुसतं माउंट करून बघा

मूळ डॉसबॉक्सची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ ची आहे. चालते, पण माझं मत विचाराल तर नव्याने सुरू करणाऱ्याने डॉसबॉक्स स्टेजिंग हा त्याच्यावरूनच निघालेला नवा प्रोग्राम घ्यावा, स्क्रीनची आणि आवाजाची सुरुवातीची सेटिंग्ज त्यात आजच्या मशीनला धरून आहेत. दोन्ही एकाच वेळी बसवून दोघांच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइली मिसळू नका म्हणजे झालं.

माउंट म्हणजे तुमचा फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडून देणं. उघडल्यावर ही कमांड: "माउंट सी डी:\डॉस\प्रिन्स\सी". मग "सी:" आणि मग "डीआयआर". गेमच्या फाइलींची यादी दिसली पाहिजे. अख्खा सी ड्राइव्ह, म्हणजे नुसतं "सी:\", माउंट करू नका, डॉसबॉक्स स्वतःच नको म्हणतो, आणि जुन्या प्रोग्रामच्या हातात तुमची सगळी डिस्क कशाला द्यायची.

सीडी असेल तर पुढची ओळ: "इमेजमाउंट डी डी:\डॉस\गेम\सीडी\गेम.क्यू -टी आयएसओ". कमांडचं नाव आय, एम, जी आणि पुढे माउंट असं जोडून टाइप करायचं. क्यू फाइल असली तरी शेवटी आयएसओच लिहायचं, यात गोंधळू नका. बिन फाइल नाही, क्यू फाइल द्यायची. फ्लॉप्या एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या इमेजची नावं एकाच ओळीत एकामागे एक द्या, शेवटी "-टी फ्लॉपी", आणि इन्स्टॉलर पुढची डिस्क मागेल तेव्हा कंट्रोल आणि एफ४.

*तपासणी:* "डी:" आणि "डीआयआर". यादी नाही आली तर पुढे जायचं नाही. गेम चालवायची घाई इथे नडते.

माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. फुल स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर. लॅपटॉपवर एफवाल्या बटणांबरोबर बरेचदा एफएन पण दाबावं लागतं, "शॉर्टकट चालतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर एवढंच असतं. कंट्रोल आणि एफ९ ने डॉसबॉक्स तिथल्या तिथे बंद होतो, न विचारता, सेव्ह न करता.

५. इन्स्टॉल करा आणि आवाज हाताने निवडा

सीडीचा गेम असेल तर डीवर जाऊन इन्स्टॉल किंवा सेटअप चालवा, जागा सीची द्या. नुसता फोल्डर कॉपी केलेला गेम असेल तरी सेटअप नावाची फाइल शोधून आधी तीच चालवा. गेमची मुख्य फाइल तिच्यानंतर.

सेटअप साउंड कार्ड विचारेल. "ऑटो डिटेक्ट" टाळा, कधी बरोबर ओळखतो तर कधी तिथेच लटकतो. यादीत साउंड ब्लास्टर १६ असेल तर ते, नसेल तर साउंड ब्लास्टर प्रो, तेही नसेल तर साधं साउंड ब्लास्टर. पुढे आकडे विचारतो ते असे: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५. हे डॉसबॉक्सचे ठरलेले आकडे आहेत. आयआरक्यू ५ असं बऱ्याच जुन्या गेममध्ये आधीच भरलेलं असतं, तसंच ठेवलं तर पहिला आवाज एकदा वाजून गप्प होतो किंवा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. असं ऐकू आलं की सरळ सेटअपमध्ये परत जा आणि ७ करा.

संगीताचं वेगळं विचारलं तर आधी अ‍ॅडलिब किंवा साउंड ब्लास्टर निवडा. जनरल मिडीचा आवाज जास्त भरदार येऊ शकतो, पण त्याची जुळवाजुळव वेगळी, गेम एकदा धड चालला की मग करा. संगीत नाही पण बाकीचे आवाज आहेत आणि गेम सीडीचा आहे, तर दुसरी पायरी पुन्हा वाचा, तुम्ही आयएसओ काढलाय.

सेटअपमध्ये आवाज तपासायचा पर्याय असतो, तो वापरा. वाजलं, सेव्ह करून बाहेर या, मग गेम.

६. वेग: एका वेळी एकच गोष्ट बदला

डॉसबॉक्समध्ये वेग सायकल्समध्ये मोजतात आणि सगळे जण पहिल्याच दिवशी त्या मॅक्सवर नेतात, आपलं मशीन तगडं आहे म्हणून. मशीन तगडं असण्याशी याचा संबंध नाही. १९८० च्या दशकातले काही गेम सीपीयूच्या वेगालाच बांधलेले होते, मॅक्सवर पात्र दिसायच्या आधीच मरतं. आणि नव्वदीच्या मधल्या जड गेमला मॅक्स दिलं तर आवाज चरचरतो, कारण तुमचा प्रोसेसर तेवढं ओढता ओढता आवाजाला वेळेवर पोचत नाही. आवाज चरचरला की लोक आवाजाची सेटिंग्ज फिरवतात, खरं तर सायकल्स कमी करायच्या असतात.

अंदाजाचे आकडे देतो, इथून सुरू करा. अगदी पहिल्या एक्सटी मशीनचा गेम ३०० च्या आसपास. ३८६ च्या काळातला ६,०००. ४८६, ३३ मेगाहर्ट्झचा १२,०००, ६६ वाला २५,०००. पेंटियमच्या सुरुवातीचा गेम ५०,००० च्या आसपास. खोक्यावर मागच्या बाजूला कुठला प्रोसेसर लागतो ते लिहिलेलं असतं, त्यावरून ठरवा. मग गेम चालू असताना कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवा, कंट्रोल आणि एफ११ ने कमी करा, विंडोत खेळत असाल तर वरच्या पट्टीवर आकडा दिसतो. चालणं आणि आवाज दोन्ही सरळ वाटले की तो आकडा लिहून घ्या. स्क्रीन अडखळतेय पण आवाज स्वच्छ, तर वाढवा. आवाज तुटतोय, तर कमी करा.

*सावधान:* गेम सुरू होतानाच "रनटाइम एरर २००" आला तर फाइल खराब नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्राम सुरुवातीला वेग मोजतात आणि मशीन फार जलद निघालं की त्यांचा भागाकार चुकतो. सायकल्स बऱ्याच कमी करून सुरू करा, नंतर वाढवा.

७. स्क्रीन

इथे फार करायचं नाही. डॉसचे बहुतेक गेम ३२० बाय २०० चे, पण बघायचे ते चारास तीनच्या डब्बा मॉनिटरवर. आज ते रुंद स्क्रीनभर ताणले की सगळे बुटके आणि जाडे दिसतात. स्टेजिंगमध्ये आस्पेक्ट, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणाची, दुरुस्ती आधीच चालू असते, जुन्या डॉसबॉक्समध्ये आस्पेक्ट ही ओळ ट्रू करावी लागते. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर चित्र १४४० रुंद येईल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. ते पट्टे बरोबर आहेत, ते काढायच्या मागे लागू नका.

८. गेमची स्वतःची कॉन्फिग फाइल, सेव्ह आणि बॅकअप

आत्तापर्यंत सगळं हाताने टाइप केलं, ते मुद्दाम. कॉन्फिग आधी लिहिली की चूक माउंटमध्ये आहे, आवाजात आहे की वेगात, काही कळत नाही.

आता गेमच्या फोल्डरमध्ये डॉसबॉक्स.कॉन्फ नावाची फाइल नोटपॅडने करा. सगळ्या गेमसाठी एकच मोठी फाइल ठेवू नका, एकाचं सुधारायला जाल आणि चार बिघडतील. फाइलमध्ये फक्त बदललेल्या ओळी हव्यात: सीपीयूच्या भागात सायकल्सचा आकडा, आणि शेवटी ऑटोएक्झेक, म्हणजे सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडचा भाग, त्यात माउंटच्या ओळी जशा टाइप केल्या तशाच, मग "सी:", मग गेमचं नाव. सायकल्सची ओळ तुमच्या आवृत्तीच्या मूळ कॉन्फिगमध्ये ज्या नावाने आहे त्याच नावाने लिहा, जुन्यात आणि नव्यात फरक आहे.

शेवटी "एक्झिट" लिहायचा मोह होतो, म्हणजे गेम संपला की खिडकी बंद. ती ओळ अगदी शेवटी, सगळं आठवडाभर नीट चालल्यावर टाका, नाहीतर एरर आली की वाचायच्या आधीच खिडकी गायब आणि तुम्ही म्हणणार उघडतंच नाही.

*तपासणी:* विंडोज फाइलचं शेपूट लपवतो, त्यामुळे तुमची फाइल खरं तर डॉसबॉक्स.कॉन्फ.टीएक्सटी झालेली असू शकते. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल एक्स्टेन्शन चालू करून बघा. "कॉन्फिग वाचतच नाही" या तक्रारीत पहिल्यांदा हेच बघायचं.

मग गेम सेव्ह करा, बाहेर या आणि विंडोजमधून सी फोल्डर उघडून नवी फाइल पडली का बघा. डूममध्ये ती डूमसेव्ह आणि आकडा अशा नावाने येते. प्रिन्समध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी ने सेव्ह होतं, त्याआधी होत नाही, म्हणून पहिल्या लेव्हलला सेव्ह होत नाही म्हणून घाबरू नका. फाइल दिसली की अख्खा गेमचा फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर आणि अजून एका ठिकाणी ठेवा. पुण्याची भावंडं सुट्टीत आली आणि कुणी काही बिघडवलं तर पहिल्या पायरीपासून करायला नको, झिप उघडली की झालं.

९. गेम विंडोज ९५-९८ चा निघाला तर

थोडक्यात सांगतो. इमेज वरच्यासारखीच काढा, आयएसओ असेल तर विंडोज ११ मध्ये डबल क्लिक करून ती ड्राइव्हसारखी उघडते, पण बिन-क्यू तशी उघडत नाही. मग सेटअप चालवा. सेटअपच उघडत नसेल आणि गेम मात्र ३२ बिटचा असेल तर दोष फक्त इन्स्टॉलरचा आहे, त्या काळी ३२ बिट गेमलाही १६ बिटचा इन्स्टॉलर जोडलेला असायचा. सीडीवर गेमचा फोल्डर उघडा पडलेला असेल तर तो सरळ कॉपी करून मुख्य फाइल चालवून बघा, बऱ्याच गेममध्ये एवढं पुरतं.

उघडतो पण रंग विचित्र किंवा स्क्रीन काळी, तर डीजीव्हूडू २ वापरा, जुन्या गेमचं ग्राफिक्स आजच्या कार्डाला समजेल असं करून देणारा प्रोग्राम. त्याच्या डीडीरॉ आणि डी३डी नावाच्या डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये कधीच नाही. एज ऑफ एम्पायर्ससारखा गेम डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) मागत असेल तर तो विंडोज फीचर्समध्ये लेगसी कॉम्पोनन्ट्सखाली चालू करता येतो, वेगळं काही डाउनलोड करायला नको.

ओरिजिनल सीडी आहे, सगळं बरोबर आहे आणि तरी गेम "डिस्क टाका" म्हणत राहिला तर ती सेफडिस्क नावाची जुनी कुलूपबंदी असू शकते, तिचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालतच नाही. तिथे सेटिंग्ज फिरवून काही होणार नाही, तोच गेम जीओजी किंवा स्टीमवर नव्याने आलाय का बघा. नसेल तर ८६बॉक्समध्ये, म्हणजे अख्खा जुना पीसी उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, अख्खं विंडोज ९८ बसवावं लागतं, आणि त्यासाठी विंडोज ९८ ची स्वतःची सीडी आणि कीसुद्धा हवी, तेव्हा माळ्यावर चढलाच आहात तर तीही शोधून ठेवा.